पेरूवाल्या बाईची ओळख

सांगलीहून दिवाळीच्या सुट्टीत आलेले दिनकर आणि शैला दोन दिवस नाशिकभर पायपीट करून थकले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी पांडवलेणीच्या निम्म्या पायऱ्या चढल्यावर शैला मटकन खाली बसली. दिनकरलाही बरंच वाटलं. एकतीस वर्षांच्या संसारातली ही त्यांची पहिलीच लांबची सहल, आणि ती कधी एकदा संपतेय असं त्याला झालं होतं.

वरून पेरू विकणारी एक म्हातारी उतरत आली. शैलाला पाहून ती थबकली आणि तिने पाटी खाली ठेवली.

"कुसा? कवय उनी तू?" कधी आलीस, असं ती ओळखीच्या माणसाला विचारावं तसं विचारत होती.

"बाई, तुमची चूक होतेय. आम्ही सांगलीचे," दिनकर म्हणाला.

पण शैलाने म्हातारीचा हात हातात घेतला होता. "आतेच उनू," ती म्हणाली.

बायको थट्टा करतेय असं वाटून दिनकर हसला. दोघी मात्र बोलतच राहिल्या. काल बसमध्ये ही अहिराणी कानावर पडली, तेव्हा शैलानेच त्याला विचारलं होतं, ही कुठली भाषा म्हणून. आता ती त्याच भाषेत कुणाच्या बाळंतपणाची चौकशी करत होती, कुणाच्या तरी मरणावर डोळे पुसत होती. इतक्या जिव्हाळ्याने ती त्याच्याशी कित्येक वर्षांत बोलली नव्हती.

"शैला, चल, उतरूया."

तिने मान वळवली नाही. म्हातारीने त्याच्याकडे बोट केलं.

"कुसा, हाऊ कोन शे?"

शैलाने त्याच्याकडे बराच वेळ नीट पाहिलं. मग पदर सावरून ती म्हातारीच्या जवळ सरकली.

"काय माहीत, माय. सकायपासून मना मांगेमांगे फिरी ऱ्हायना."