गोठ्यातल्या दगडाचा मालक

उल्का तपासणी कार्यालयाच्या बाकावर सुगंधाबाई टिपरे सकाळपासून बसून होत्या. आभाळातून पडलेला दगड ज्या लघुग्रहाचा निघेल, त्याचा भाडेपट्टा असलेल्या कंपनीला बाकीचे तुकडे शोधायला तिथली जमीन खणता येत असे, मग वर घर असो की गोठा. सुगंधाबाईंच्या गोठ्यात पडलेल्या दगडात पहिल्या तपासणीत भरपूर शिसं सापडलं, आणि एवढं शिसं एकाच कंपनीच्या लघुग्रहावर होतं. कंपनीचा माणूस लगोलग येऊन घराची मापं घेऊन गेला. चहाही पिऊन गेला.

रसायनतज्ज्ञ आफरीन मुलाणी दुसरा अहवाल घेऊन बाहेर आली.

"मावशी, दगडाला शेंदूर फासला होता का?"

"मग? आभाळातनं आलेला. तसाच ठेवायचा?"

"शेंदरात शिसं असतं. आमच्या लोकांनी वरचंच खरवडलं आणि तुमचा शेंदूर तपासला. आज मी आतली भुकटी घेतली. त्यात शिसं नावालाच आहे. बाकीची मूलद्रव्यंही आज आभाळात असलेल्या कुठल्याच लघुग्रहाशी जुळत नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे ज्या ग्रहाचा हा तुकडा, तो कधीच फुटून संपला. त्याच्यावर कुणाचा हक्क नाही. घराला कोणी हात लावणार नाही."

सुगंधाबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि बराच वेळ पुसत राहिल्या.

"कधी गेला म्हणालात तो?"

"अब्जावधी वर्षं झाली, मावशी."

"मग सुतक फिटलं असेल," त्या उठत म्हणाल्या. "पेढे आणते."