पहिला पर्याय

दोन ॲपांची माहिती साठवायची पद्धत वेगळी. त्यामुळं हातमागाचा ऑनलाइन कोर्स नव्या ॲपवर नेताना धडे गेले, प्रश्न गेले, बरोबर उत्तरं तेवढी मागंच राहिली. मग नव्या ॲपनं प्रत्येक प्रश्नाचा सरसकट पहिला पर्यायच बरोबर धरला!

वडगावात चाळीस वर्षं माग चालवणारी बायाक्का परीक्षेत नापास झाली. सर्टिफिकेट नाही, म्हणून हातमाग प्रशिक्षण केंद्रात शिकवायची नोकरीही नाही.

ती केंद्राच्या साहेबांना म्हणाली, "सायेब, तुटलेला धागा आमी असाच जोडतो की वो!"

"ॲप चूक म्हणतंय, आक्का. कोर्सच्या व्हिडिओतले हात नीट बघा, तसं शिका, मग पुन्हा परीक्षेला बसा."

बायाक्कानं तिथंच व्हिडिओ लावला आणि पडद्यावरच्या हातांशेजारी आपलं मनगट धरलं.


दोन्हीकडं गोंदण एकच होतं.