दोघांपुरतं कोमट पाणी

सासरेबुवांनी बाही कोपराच्या वर सारली आणि दुकानातल्या, विजेवर पाणी कोमट ठेवणाऱ्या टबात हात बुडवून तळ चाचपला. सून दोन पावलं मागे सरकली. सकाळपासून किती जणांनी या पाण्यात हात घातले असतील, कोण जाणे.

"तळ घसरडा नाही, ते बरंय," सासरे म्हणाले. "पण काठ उंच आहे. पाय फार उचलावा लागणार नाही असा नाही का एखादा?"

"आहे ना काका," विक्रेता म्हणाला. "तो कोपऱ्यातला बघा. दोघांपुरता आहे, किंमतही आवाक्यातली. झाकण जाड आहे, त्यामुळे पाणी लवकर निवत नाही आणि विजेचं बिलही अंगावर येत नाही. ऐन थंडीतसुद्धा खुशाल वापरा."

दोघांपुरता. सुनेने नाक मुरडलं.

सासूबाई जाऊन चार वर्षं झाली होती. इतके दिवस म्हातारा आपल्या खोलीत, आपल्या रेडिओपाशी गुपचूप असायचा. गेल्या काही महिन्यांत मात्र लक्षण ठीक दिसत नव्हतं. दर गुरुवारी दाढी गुळगुळीत करून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून स्वारी बाहेर पडायची आणि संध्याकाळी अंगाला कसल्याशा तेलाचा वास घेऊन परतायची. कुठे गेला होतात, म्हटलं की "जरा पाय मोकळे करून आलो." नवऱ्याला विचारलं तर "बाबा सांगतील सवडीने" म्हणून तो पेपरात तोंड खुपसायचा. एकुलता एक मुलगा, पण बापापुढे कधी ब्र काढायचा नाही. पाणी कुठेतरी मुरत होतं.

त्यात मागच्या आठवड्यात सासऱ्यांचा कोट धुवायला काढला, तर खिशात फणी. बायकी, लाकडी, दातांत लांब पांढऱ्या केसांचा गुंता. तिने ती चिमटीत धरली, तोंड फिरवलं आणि तशीच कचऱ्यात टाकली. साबणाने हात धुतले, मग पुन्हा धुतले. तरी त्या दिवशी तिला घास गेला नाही.

वासाचं आणि केसांचं तिला पहिल्यापासून वावडं. बसमध्ये दांडी धरायची तर रुमाल गुंडाळून. दोन वर्षं माहेरी पाऊल टाकलं नव्हतं तेही एका वासापायीच, पण लोकांना "कामातून सवड कुठे मिळते" एवढं सांगितलं की भागत होतं. पाहुणे गेले की त्यांच्या उश्या दिवसभर उन्हात पडायच्या. मैत्रिणी हसायच्या. हसू देत. घासूनपुसून लख्ख ठेवलेलं घर हीच तिची कमाई होती. आता त्याच घरात कुठलीतरी म्हातारी केस मोकळे सोडून डुंबणार, वर सासूच्या तोऱ्यात मिरवणार. मग चाव्याही तिच्याच कमरेला जाणार.

"पाणी कधी बदलायचं?" सासऱ्यांनी विचारलं.

"तीनेक महिन्यांनी. मधे औषध टाकायचं, आणि आठवड्याला गाळणी काढून नळाखाली धरायची. बाकी काही बघायला नको."

तीन महिने तेच पाणी. खरकटी भांडी विसळलेल्या पाण्यावरचा तवंग सुनेच्या डोळ्यांसमोर आला. तिने पदर नाकाला लावला.

"म्हणजे मला जमेल," सासरे म्हणाले. "सुनेचा हात लागता कामा नये. तिला किळस येते. आणि याचा आवाज किती होतो हो? आवाजाने त्या दचकतात."

"अगदी बेताचा. बसून बघा की, रिकामाच आहे."

सासरे चपला काढून टबात उतरले. बाकावर टेकले, शेजारची जागा हाताने थोपटून पाहिली. "शेजारी बसून कुणी पाठीला हात दिला तर जागा पुरेल," ते स्वतःशीच म्हणाले. विक्रेता गालातल्या गालात हसला. त्या हसण्याने सुनेच्या अंगाचा तिळपापड झाला.

"बाबा, कोण आहे ती?"

"घरी बोलू."

"इथेच सांगा. साठी बुद्धी नाठी म्हणतात, तुमची तर सत्तरी उलटली. लोक तोंडात शेण घालतील आमच्या."

विक्रेता लगबगीने पलीकडच्या टबाचं झाकण पुसायला गेला.

"त्यांचे सांधे धरलेत," सासरे हळू आवाजात म्हणाले. "रोज कोमट पाण्यात बसवलं की मोकळे होतात. बारा महिने करावं लागेल, म्हणतात डॉक्टर. तिकडे एकट्या पडल्यात. आपल्याकडे आणायचं म्हणतोय."

"आणि त्यांचं हगणंमुतणं मी काढायचं?"

"बाई ठेवू. तुला काही करावं लागणार नाही. तू नुसती जवळ असलीस तरी पुरे."

नुसती जवळ. सुनेच्या मनात साचलेलं सगळं एकदम बाहेर पडलं.

"त्या बाईचा एक केस जरी माझ्या घरात पडला ना, तर तिला धरून बाहेर काढीन. असेल तिथे सडू दे तिला."

सासरे काठाला धरून सावकाश बाहेर आले. बाही खाली ओढून त्यांनी बटण लावलं.

"माझ्या कोटातली फणी तू काढलीस का?"

"हो. टाकली कचऱ्यात. शिसारी आली मला."

सासऱ्यांनी वाकून चपला पायात सरकवल्या.

"विहीणबाईंनी तुला द्यायला दिली होती," ते म्हणाले. "लहानपणी तुझ्या वेण्या त्याच फणीने घालायच्या म्हणे."