नेत्रतज्ज्ञांचं गुप्त मतदान

बुलढाण्यात डोळ्यांच्या चाळीस डॉक्टरांची सभा भरली होती. अध्यक्ष खेर्डेकर सरांनी धाड गावच्या वच्छलाबाईंना मंचावर बसवलं आणि त्यांच्या मोतीबिंदूचा फोटो मोठ्या पडद्यावर टाकला.

"मोबाईलवर मत द्या. कोणाचं मत काय, ते कोणालाच कळणार नाही. ऑपरेशन आता करायचं, की सहा महिने थांबायचं?"

पडद्यावरची हिरवी पट्टी सरसर टोकाला गेली. झाडून सगळे म्हणाले, आत्ताच करा!

"ठरलं तर मग," सर हात चोळत म्हणाले. "उद्या सकाळी मीच करतो."

वच्छलाबाईंनी पदर सावरला. "सायेब, माहा बी एक सवाल टाका ना त्याच्यावर. तुमच्या सोताच्या डोयाचं आपरेशन असलं, तं या हॉलातल्या कोनाकडून करून घेसान?"

हॉलभर हशा पिकला. सरांनाही मजा वाटली. त्यांनी तिथल्या तिथे प्रश्न टाकला आणि सगळ्यांच्या आधी आपलं मतही देऊन टाकलं.

एकोणचाळीस मतं पडली. एकोणचाळीसही लोणारच्या नीरजा मॅडमना. त्या मागच्या रांगेत चिवडा खात होत्या. हात तेलकट म्हणून मत द्यायचं राहिलं ते त्यांचं एकट्यांचंच.



वच्छलाबाईंनी पिशवी उचलली, मागच्या रांगेकडे निघाल्या आणि जाता जाता सरांना म्हणाल्या, "चला सायेब, तुमच्या बी डोयाचं ठरलं म्हना!"