रिकामं जातं

भागाबाईने जात्याची वरची तळी उलटवून हिलाल पाथरवटापुढे सरकवली. नुकतीच टाकी लावून खडबडीत केलेली तळी पुन्हा गुळगुळीत झाली होती. बाजरी दळायच्या ऐवजी नुसती भरडली जात होती.

"दगड खोटा शे तुना, हिलालभाऊ. आते दयन गिरणीवर जाई."

दोंडाईच्याला इंजिनावरची नवी गिरणी निघाली होती. पण हिलालला गिरणीपेक्षा पहिला शब्द लागला. त्याच्या दगडाला आजवर कुठल्याच गावात कोणी खोटा म्हटलं नव्हतं.

भागाबाईची सून बेबाबाई पिंपळनेरकडची, हिलालच्याच गावची. येताना तो तिच्या आईचा निरोप आणायचा, जाताना तिचा न्यायचा. यंदा आखाजीच्या सणाला तिचा भाऊ मुराळी होऊन तिला माहेरी न्यायला आला होता. घरात दळणार कोण, असं म्हणत भागाबाईने त्याला पोटभर जेवू घातलं आणि एकट्यालाच परत धाडलं.

हिलालने सुरी काढली. दगडातल्या काळ्या चकचकीत दाण्यांवर ती दाबून ओढली. ओरखडा उठला नाही. अभ्रक असतं तर नखानेही पापुद्रा सुटला असता. हा दाणा कठीण. फुटला तरी चौकोनी कोपऱ्यात फुटतो, धार राखतो. म्हणूनच त्याने हा दगड निवडला होता. बाजरीने तो असा झिजणं शक्यच नव्हतं.

मग त्याने खालच्या तळीवर बोट फिरवलं. बोटाला हिरवट करडी भुकटी लागली. त्यात पिठाचा कण नव्हता.

दगडावर नुसता दगड फिरला होता. रिकामं जातं फिरवू नये, हे खानदेशात पाळण्यातल्या पोरीलाही ठाऊक असतं. हिलालने वर पाहिलं. बेबाबाई विझलेली चूल मन लावून फुंकत होती.

हिलालने बोट धोतराला पुसलं.

"दगडच नरम निघना, अक्का. माले वयखाता उनं नही. दर महिनाले यीसन फुकट टाकी लाई देसू."

भागाबाईनेही तळीवर बोट फिरवलं. आधी बोटाकडे पाहिलं, मग सुनेकडे, मग तोंडाला पदर लावला. पदराआडून हसू काही लपेना.

"पुढली खेपले टाकी लयू नको," ती म्हणाली. "हिना भाऊले मुराळी धाड."