मांडवातला वारा

इंदुमतीबाईंच्या नातवाच्या लग्नाचा मांडव भर दुपारी गार होता. समुद्रावरचा वारा आता मनोऱ्यांनी वळवून प्रत्येक गावाला पाळीने दिला जाई. आजची पाळी शेजारच्या कोळीवाड्याची होती. वारासमितीच्या अध्यक्षा असलेल्या इंदुमतीबाईंनी ती कोणालाही न विचारता मांडवाकडे वळवली होती.

तेवढ्यात कोळीवाड्यातल्या चांगुणाबाई सुक्या बोंबलांची जुडी घेऊन आल्या.

“तुम्हाला आवडतात म्हणून जुने आणले, बाई. आजचे वलांडीवर वाळायच्या आधीच वास मारायला लागलेत. पान हलत नाही आमच्याकडं. वारा रुसला जणू.”

इंदुमतीबाईंची मान खाली गेली. “रुसला नाही, चांगुणा. मी पळवला.”

त्यांनी तत्काळ मनोरा कोळीवाड्याकडे फिरवायला सांगितला. झालरी निश्चल झाल्या, पाहुणे घामाघूम झाले. चांगुणाबाई इंदुमतीबाईंच्या शेजारी बसल्या आणि पदराने त्यांना वारा घालू लागल्या. इंदुमतीबाईंना तेवढा वारा सोसवेना.