अगदी आईसारख्या
वयस्कर बायकांना कॅमेऱ्यासमोर हसवायची फोटोग्राफरची एक हुकमी युक्ती होती. "अगदी माझ्या आईसारख्या दिसता हो! लहानपणीच गेली बिचारी." एवढं म्हटलं की बाई विरघळलीच, फोटो झकास, आणि घरातलं पुढचं प्रत्येक कार्य त्याच्याकडे. एका मावशींनी मात्र ते फारच मनावर घेतलं. आज त्या स्वतः विणलेला स्वेटर घेऊन स्टुडिओत आल्या आणि तो नको म्हणेपर्यंत त्यांनी तो त्याच्या डोक्यातून घातलासुद्धा. गळा झाला होता लहान. डोकं आतच अडकलं. तेवढ्यात दार उघडलं. विणीतून त्याला दिसली आई, हातात त्याचा विसरलेला डबा. "याला आई नाही हो," मावशी तिला सांगू लागल्या, "माझ्यासारखीच दिसायची म्हणे." आईने डबा हळूच पिशवीत टाकला आणि ती स्टुलावर बसली. "फोटो काढायचाय, साहेब," ती म्हणाली. "मलाही सांगा, मी कुणासारखी दिसते?"